टायर वाजवले म्हणून पावती फाटली, मग स्किड पॅडचा कोर्स केला

रिव्ह्यू एका दिवसाच्या कार कंट्रोल कोर्सचा आहे. पण मी तिथे का गेलो ते आधी सांगतो, नाहीतर मी पाचपैकी साडेचार का देतोय ते कळणार नाही.

सिग्नलला पहिल्या नंबरला उभा होतो, शेजारच्या लेनमध्ये मित्राची गाडी, हिरवा लागला तसा मी रेस वाढवून क्लच एकदम सोडला आणि त्याच दमात वळण मारलं. टायर किंचाळले, जळक्या रबराचा वास आत आला, मागे बसलेले दोघं खुश होऊन ओरडले आणि थोडं पुढे ट्रॅफिक पोलिसांनी हात केला. स्पीड किती असेल तर तीसच्याही आत. मी तेच म्हणालो, "साहेब, स्पीड तर काहीच नव्हता." ते म्हणाले, "स्पीडची पावती फाडतच नाहीये मी. उतरा, या माझ्याबरोबर." आणि मला चालवत परत त्या वळणापर्यंत नेलं. रस्त्यावर काळा पट्टा उमटला होता, एकच, वळणाच्या आतल्या बाजूला, आणि तिथून दोन-तीन पावलांवर एक बाई छोट्या पोराला घेऊन रस्ता ओलांडायला उभी होती. पोराने दोन्ही कान अजून घट्ट दाबून धरले होते. गाडीतून मला ते दोघं दिसलेच नव्हते. पोलिसांनी लेक्चर वगैरे काही दिलं नाही, पावती लिहिली, सही घेतली, जा म्हणाले. ते कान दाबलेलं पोरगं मात्र तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही.

घरी आल्यावर शोधाशोध केली, कारण स्पीड नव्हता तर गुन्हा कसला हे डोक्यात होतंच. तर बऱ्याच देशांत हा वेगाचा विषयच नाहीये. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात कलम २३१०९ आहे, त्यात शर्यत लावणं वेगळं आणि वेगाचं प्रदर्शन करणं वेगळं, म्हणजे कोणावर तरी छाप पाडायला धोका होईल अशी गाडी उसळवली तर ते लागू शकतं, स्पीड लिमिट तोडलेलीच पाहिजे असं नाही. कॅनडात ओंटारियोमध्ये २००७ पासून स्टंट ड्रायव्हिंगचा नियम आहे आणि वळताना मुद्दाम टायरची पकड सोडवणं हे त्यात स्पष्ट लिहिलंय, २०२१ च्या बदलांनंतर तर गाडी जागेवरच १४ दिवस जप्त आणि लायसन ३० दिवस बंद. न्यूझीलंडमध्ये मुद्दाम टायरची पकड घालवत राहणं हाच स्वतंत्र गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये २००२ च्या पोलीस सुधारणा कायद्याचं कलम ५९ बघा, बेफिकीर गाडी चालवून लोकांना घाबरवलं किंवा त्रास दिला आणि ताकीद देऊनही ऐकलं नाही तर गाडी उचलून नेतात. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात धोकादायक ड्रायव्हिंगसाठी कलम १८४ आणि रस्त्यावरच्या शर्यतींसाठी १८९ आहेच. हे सगळं वाचल्यावर माझा वाद घालायचा मूडच गेला. दंड भरला आणि कोर्स बुक केला, खरं सांगायचं तर तेव्हा मनात एवढंच होतं की बाबा, वाजवायचे तर निदान रस्त्याबाहेर वाजवू.

आता कोर्स. सकाळी थिअरी, मग ओला स्किड पॅड, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवून सावरायला शिकायचं मैदान, दुपारी कोरडा ट्रॅक. थिअरीचा तास सगळ्यात घाईत उरकला, ही पहिली तक्रार, कारण मला सगळ्यात जास्त उपयोग तिथल्याच गोष्टींचा झाला आणि त्या अजून तासभर ऐकायला आवडल्या असत्या. मुख्य ट्रेनर मॅडम होत्या, आवाज एकदम शांत, आणि त्यांनी सुरुवातच केली की टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो साधारण आपल्या तळहाताएवढा, असे चार तळहात, आणि गाडीचं वळणं, थांबणं, पळणं सगळं त्या चारांवर. टायर वाजतो म्हणजे काय होतं तर रबराचे ते छोटे ठोकळे रस्त्याला चिकटतात, घसरतात, परत चिकटतात, हे सेकंदाला शेकडो वेळा, त्या थरथरीचा तो आवाज. टायर थोडासा सरकतो तेव्हा पकड सगळ्यात जास्त असते, ब्रेक मारताना साधारण दहा ते वीस टक्के स्लिपपर्यंत, म्हणजे चाक गाडीच्या वेगापेक्षा तेवढं हळू फिरेपर्यंत, त्याच्या पुढे गेलात की पकड कमी होत जाते. म्हणजे हलकासा कुईं आवाज असेल तर टायर अजून काम करतोय, मोठ्याने किंचाळायला लागला तर त्याची हद्द ओलांडून झालीय. मी इतकी वर्षं ज्याला पॉवर समजत होतो ते हे.

मग मी माझ्या त्या एका पट्ट्याचं विचारलं. मॅडम लगेच म्हणाल्या, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, साधा डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकात वाटणारा भाग, वळताना वजन बाहेरच्या बाजूला जातं, आतलं चाक हलकं पडतं आणि तेच मोकळं फिरत सुटतं, म्हणून पट्टा आतल्या बाजूला आणि एकच. त्यावेळी तुमच्या गाडीला पुढे खेचायला आणि वळवायला जवळजवळ अर्धीच पकड उरली होती, समोर कोणी आलं असतं तर स्टेअरिंग फिरवलं असतंत आणि गाडी सरळच गेली असती. त्या हे अगदी साध्या आवाजात बोलल्या, पण मला ते वळण आणि ती बाई डोळ्यासमोर आली आणि पुढची पाच मिनिटं मी काय ऐकलं ते मला आठवत नाही.

एकाने विचारलं की पार्किंगमध्ये तर दहाच्या स्पीडलाही टायर वाजतात, त्याची पण पावती फाडणार का. चांगला प्रश्न होता. मॅडम म्हणाल्या, गुळगुळीत रंगवलेल्या फरशीवर कोणताही टायर वाजतो, हवा कमी असेल तर वळणावर वाजतो, रबर जुनं होऊन कडक झालं असेल तरी वाजतो, यात दाखवेगिरी काही नाही. पोलीस बघतात ते बाकीचं, इंजिनाची रेस, शेजारची गाडी, आजूबाजूची गर्दी, रस्त्यावरचे पट्टे, तेच वळण परत परत मारणं. आणि हवा कमी असल्याने वाजत असेल तर ते तुमच्याच जिवाला बरं नाही, लगेच चेक करा. त्यानंतर त्यांनी सगळ्यांना बाहेर नेऊन आपापल्या टायरवरची तारीख वाचायला लावली. साइडवर चार आकडे असतात, समजा ३५२१ तर २०२१ चा पस्तिसावा आठवडा. अर्ध्या लोकांना हे माहीतच नव्हतं, मलाही नव्हतं. माझ्या पुढच्या टायरची किनार झिजून करवतीसारखी झाली होती, बोट फिरवलं तर एका बाजूने गुळगुळीत आणि उलट्या बाजूने खरखरीत लागत होती, आणि खाचेची खोली दोन मिलिमीटरच्या जरा वर. बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर ही कायद्याची किमान हद्द आहे. टायर तसे नवेच होते हो, मीच घासून घासून संपवले होते, आणि मॅडम म्हणाल्या की अशी क्लच आपटायची सवय असेल तर क्लच प्लेट आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंटही बघून घ्या.

स्किड पॅड. याच्यासाठीच मी गेलो होतो आणि इथेच मला धक्का बसला. मी आवाजाच्या अपेक्षेने गेलो होतो आणि तिथे आवाजच नाही! गुळगुळीत केलेलं मैदान, कडेने पाण्याचे फवारे, त्यांचीच गाडी, गाडी घसरायला लागली की आपोआप सावरणारा स्टॅबिलिटी कंट्रोल बंद केलेला, स्पीड चाळीसच्या आसपास, आणि गाडी चारही चाकांवर सरकायला लागते ती एकदम गुपचूप. ओल्यावर पाण्याचा थर मध्ये असतो त्यामुळे रबर चिकटत-सुटत नाही, म्हणून वाजत नाही. म्हणजे कोरड्यावर टायर निदान ओरडून सांगतो, पावसात तोही सांगत नाही. पहिल्या वेळी मी सवयीने स्टेअरिंग अजून फिरवलं, गाडी नाक खुपसल्यासारखी सरळ चालत राहिली, अजून फिरवलं, तरी सरळ. शेजारचे ट्रेनर म्हणाले, "कमी करा, स्टेअरिंग कमी करा, ॲक्सिलरेटर सोडा, तिला परत पकड घेऊ द्या." कमी केलं तेव्हा वळली. आपल्या मनाच्या एकदम उलट आहे हे, आणि वाचून येत नाही, हातांनाच शिकावं लागतं. मागच्या चाकांची पकड सुटते तेव्हा तर नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची, ट्रॅकवर ठेवलेल्या ज्या प्लास्टिकच्या कोनला (शंकूला) धडकायची भीती वाटतेय त्याच्याकडे बघायचं नाही, कारण हात नजरेच्या मागे जातात. हे मला सातव्या-आठव्या फेरीला जमलं आणि जमलं तेव्हा जो आनंद झाला तो सिग्नलवर कधीच झाला नव्हता, अगदी मनापासून सांगतो.

एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, प्रयोगही जबरदस्त. १९७८ पासून आजच्यासारखं इलेक्ट्रॉनिक एबीएस गाड्यांमध्ये यायला लागलं, आज सगळे वापरतात, पण पूर्ण दाबला की पॅडल पायाखाली थडथडतं हे किती जणांना माहितीय? आमच्या बॅचमधल्या तिघांनी थडथडल्यावर घाबरून पाय उचलला. पाय उचलायचा नाही, दाबून ठेवायचा आणि स्टेअरिंग चालू ठेवायचं, कारण चाक लॉक न होऊ देता गाडी वळवता यावी हाच तर एबीएसचा फायदा आहे. मग चाळीसवरून आणि साठवरून थांबायला किती अंतर लागतं ते कोन लावून दाखवलं. वेग दीडपट पण ब्रेकचं अंतर सव्वादोन पट, गणित शाळेत शिकलेलंच आहे, पण दुसरा कोन जिथे ठेवला तिथपर्यंत चालत गेल्यावर ते पायांना कळतं.

दुपारी कोरड्या ट्रॅकवर जे बघितलं त्याच्यासाठी मी हा कोर्स कोणालाही सुचवेन. ट्रेनरने एकाच गाडीने दोन राउंड मारले, आम्ही स्टॉपवॉच धरून. पहिला माझ्यासारख्यांच्या स्टाइलने, प्रत्येक वळणावर टायर किंचाळतायत, धूर, सगळे टाळ्या वाजवतायत. दुसरा राउंड बघायला कंटाळवाणा, आवाज जवळपास नाहीच, एखाद्या वळणावर बारीकसा कुईं, ब्रेक सरळ रेषेत, स्टेअरिंग एकदाच. आणि तो दुसरा राउंड सव्वातीन सेकंदांनी फास्ट! मी घड्याळ दोनदा बघितलं. किंचाळणारा टायर गाडीला पुढे नेत नाही, इंजिनाची ताकद रबर तापवण्यात जाते, तो धूर म्हणजे आपल्याच पैशाचं रबर.

तक्रारी पण लिहितो, कारण सगळं गोड नाहीये. एका गाडीत चार जण, म्हणून तुमचा नंबर येईपर्यंत बराच वेळ उन्हात उभं राहायचं, सावलीची सोय नाही, यावर त्यांनी खरंच काहीतरी करायला पाहिजे. स्वतःची गाडी फक्त शेवटच्या तासाला चालवू देतात आणि तो तास भुर्रकन संपतो. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांसाठी वेगळं असं काहीच नव्हतं. सर्टिफिकेट देतात, पण त्याने पावती माफ होईल असं समजून जाऊ नका, माझ्या बाबतीत काही फरक पडला नाही, कुठे चालतं-नाही ते जिथे पावती फाटली तिथेच आधी विचारा. आणि स्वतःची गाडी ट्रॅकवर नेणार असाल तर इन्शुरन्सवाल्यांना आधी फोन करा, मला ही गोष्ट तिथल्या दुसऱ्या एका मुलाने सांगितली, खरं तर बुकिंगच्या वेळीच सांगायला हवी होती.

बाकी ट्रेनर मंडळी एक नंबर. कोणी कोणाला हिणवत नाही. आमच्यात एक काकू होत्या, मुलाच्या हट्टाने आल्या होत्या, पहिल्या फेरीला हात थरथरत होते, संध्याकाळी सगळ्यात स्वच्छ स्लालम, म्हणजे कोनांमधून नागमोडी फेरी, त्यांनीच मारला आणि सगळ्या बॅचने टाळ्या वाजवल्या.

हा रिव्ह्यू लिहायला मी मुद्दाम दोन महिने थांबलो, कोर्सचा जोश चार दिवसात उतरतो का ते बघायला. तर नाही उतरला. तो मित्र परवा त्याच सिग्नलला शेजारी येऊन रेस देत होता, मी हात केला आणि निवांत निघालो, आणि निघायच्या आधी फुटपाथच्या कडेला कोण उभंय ते बघितलं, आता ते आपोआप बघितलं जातं. अर्धा स्टार कापलाय तो उन्हातल्या रांगेसाठी आणि घाईतल्या थिअरीसाठी. बुक करणार असाल तर टोपी आणि पाण्याची बाटली न्या, पातळ तळव्याचे बूट घाला म्हणजे एबीएसची थडथड नीट कळते. पुढच्या महिन्याच्या बॅचला धाकट्या भावाचं नाव घातलंय, माझीच गाडी घेऊन जाणार आहे तो, पुढचे दोन्ही टायर बदलून झाले की.