रॅम वाढवताना: एक कांडी जोडावी की नवी जोडी घ्यावी?

कॉम्प्युटरमध्ये ८ जीबी रॅमची एकच कांडी (रॅमची पट्टी), गेम मध्येच अडखळतो आणि खिशात पैसे मोजके. अशा वेळी हा प्रश्न हमखास पडतो.

खर्चात पहिला पर्याय, म्हणजे जुनीसोबत ८ जीबीची एक कांडी जोडणं, सरळ जिंकतो. निम्म्या पैशांत १६ जीबी होतात. जुनी कांडी विकली तर फरक थोडा घटतो, इतकंच.

वेगाचं गणित मात्र नीट समजून घ्या. एका कांडीवर ६४ बिटांची एकच वाट चालू असते. दोन झाल्या की १२८ बिट, म्हणजे दोन वाटा एकदम चालू; यालाच ड्युअल चॅनल म्हणतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर हा फायदा फार मोठा, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स याच रॅमवर जगतं. आणि हा फायदा दोन्ही पर्यायांत मिळतो! फक्त ३२०० वेगाची (कांडीवर लिहिलेला आकडा) नवी कांडी २४०० च्या जुन्या कांडीशेजारी बसवली, की दोन्ही २४०० वरच चालतात. जोडी घेतली तर बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारी सेटिंग, चालू करायला विसरू नका, नाहीतर पूर्ण वेग मिळत नाही.

स्थिरतेत जोडी सरस. वेगळ्या कंपन्यांच्या कांड्या बहुधा जुळतात, पण कधीकधी निळा पडदा दिसतो, म्हणजे विंडोज कोसळते. मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) रात्रभर चालवून खात्री करा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या; डीडीआर४ च्या खाचेत डीडीआर५ बसतच नाही, हेही आधी तपासा.

जुनी कांडी २६६६ किंवा अधिक वेगाची असेल आणि वेगळं कार्ड असेल, तर एक कांडी जोडा. प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर खेळत असाल आणि जुनी कांडी संथ असेल, तर थोडं थांबून जोडीच घ्या.