डबा अस्सल, काच नकली

नागपुरात सेकंडहँड कॅमेरा सामानाच्या जाहिरातींत ‘रेनॉक्स डीसीआर-250, नव्यासारखी, बॉक्ससहित’ असं दिसलं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे साडेतीन हजार बुडालेत.

ही 8 डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद) क्लोज-अप लेन्स, म्हणजे बारीक वस्तू जवळून मोठी टिपायला लावायची जादा काच. साध्या झूम लेन्सच्या तोंडावर चापाच्या अडॅप्टरने बसते, 52 ते 67 मिमी फिल्टर साईझच्या लेन्सला चालते. किड्यांचे जवळून फोटो काढायची शंभर एमएमची मॅक्रो लेन्स घेणं परवडत नाही अशा किड्यावेड्यांचा हाच आधार. आत दोन गटांत मिळून तीन भिंगं असतात, आणि आपण पैसे मोजतो ते त्यासाठीच. एकट्या भिंगातून लाल आणि निळा प्रकाश एका जागी जुळत नाही, मग कडांना जांभळी-हिरवी झालर येते.

विकणारा बोलायला गोड. व्हॉट्सॲपवर चतुर किड्याच्या डोळ्यांचे असे फोटो पाठवले की एकेक षटकोन मोजून घ्यावा. म्हणे, गोरेवाड्याला काढलेत. (कुठून उचलले होते देव जाणे.) भेट सीताबर्डी मेट्रो स्टेशनखाली, आणि तीही अंधार पडल्यावरच, कारण ‘दिवसा ड्युटी असते’. डबा अस्सल, माहितीपत्रक अस्सल, अडॅप्टरही अस्सल. मी काच निरखायला लागलो तर म्हणतो, “काहून शंका घेता भाऊ, डबा तर पाहा!” कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर त्याने माझ्याच घड्याळाची तबकडी काढून दाखवली. एवढ्याशा स्क्रीनवर सगळंच झकास दिसतं. यूपीआयने पैसे गेले, गडी पसार.

सेमिनरी हिल्सला आंब्याची पानं शिवून घर करणाऱ्या लाल मुंग्या भरपूर. घरी येऊन फोटो मोठे केले तर मुंगीचं डोकं मधोमध ठीक, पण मिशांना जांभळी किनार, आणि चौकटीच्या कडेला सगळी लापशी. शिवाय फोकस मिळेपर्यंत मुंग्यांच्या इतकं जवळ जावं लागत होतं की दोन-चार हातावर चढल्या. संशय आला म्हणून लेन्सची रिंग स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. काळा रंग सुटला आणि खालून छापील अक्षरं वर आली: ‘क्लोज-अप +10’.

खेळ साधा आहे. खऱ्या लेन्सचा मागचा आटा 43 मिमीचा, म्हणून त्या अडॅप्टरमध्ये 43 मिमीचा कुठलाही फिल्टर फिरवून बसतो. +1, +2, +4, +10 असा चार काचांचा स्वस्त सेट मिळतो, त्यातली एक काच या पठ्ठ्याने अस्सल डब्यात घातली. खरी लेन्स वेगळी विकली असणार.

हे पकडायला कॅमेराही लागत नाही. काच ट्यूबलाइटखाली तिरपी धरा आणि ट्यूबची प्रतिबिंबं मोजा. एकट्या भिंगात दोनच दिसतात. खऱ्या लेन्समध्ये चार तरी दिसायला हवीत, नीट पाहिलं तर पाचवं अंधुकसं. दुसरं, भेट दिवसाच ठेवा आणि पट्टी सोबत न्या. लांबच्या झाडाची उलटी प्रतिमा कागदावर पाडा आणि काचेपासून अंतर मोजा. हजाराला डायॉप्टरने भागलं की मिलिमीटर मिळतात: +8 ला 125 च्या आसपास, +10 ला 100. रिंगवर काही रंगवलंय का, ते नखाने खरवडून पाहा. विकणारा कुरकुरला तर सरळ घरी या.

माझा नंबर त्याने लगेच ब्लॉक केला, जाहिरातही काढली. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. चॅटचे स्क्रीनशॉट आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक होता म्हणून बरं; जाहिरातीचा स्क्रीनशॉट मात्र कोणीच काढून ठेवत नाही, तो आधीच काढा. आता वर्ध्याच्या पत्त्यावर अगदी तशीच जाहिरात आली आहे. किंमत पाचशेने कमी, चतुराचे फोटो तेच.