मुंबईत सिगारची लाकडी पेटी: आठ महिने वापरल्यावर

मापं, आतलं लाकूड, किती सिगार मावतात हे विक्रीच्या पानावर आहेच. सिगारचा ओलावा ठरावीक ठेवणारी ही पेटी मार्चमध्ये घेतली तेव्हा तिच्याबद्दल मत चांगलं होतं. जुलैत ते बदललं, कारण झाकण.

पावसाळ्यात मुंबईतल्या एसीच्या खोलीत रात्री आर्द्रता ५५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि एसी बंद केला की दुपारपर्यंत ८५ गाठते. घट्ट झाकण ही रोजची चढउतार बाहेरच थोपवतं, या पेटीचं झाकण थोपवत नाही. आत बोव्हेडाचं (आर्द्रता ठरलेल्या आकड्यावर ठेवणारं) ६९ टक्क्यांचं पाकीट असूनही हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, ७६ वर गेला. पाकीट ओलावा पिऊन टम्म फुगलं आणि तीन सिगारवर पांढरी, कापसासारखी बुरशी धरली. सिगारच्या बाहेरच्या तंबाखूच्या पानावरची बुरशी पुसून निघते. पेटवायच्या टोकातून आत शिरली असेल तर सिगार टाकून द्यायची.

पेटी घेतल्या दिवशीच एक गोष्ट करा. मोबाइलचा टॉर्च चालू करून आत ठेवा, झाकण लावा, खोलीत अंधार करा. या पेटीत मागे दोन बिजागऱ्यांच्या मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसते. कागदाची पट्टी झाकणात धरून ओढली तर पुढे अडकते, मागे अलगद निघून येते. विक्रेत्याचं उत्तर होतं, "लाकूड आहे, पावसाळ्यात फुगणारच." लाकूड फुगलं असतं तर फट बुजली असती! बिजागऱ्यांच्या खाचा उथळ कोरल्यात, दोष तिथे आहे. एवढे पैसे मोजून सुताराचं एवढं साधं काम चुकावं, याची चीड येते. फटीवर फोमची चिकटपट्टी लावू नका, गोंदाचा वास तंबाखूत उतरतो.

हायग्रोमीटरवरही आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, घट्ट चिखल होईल इतकेच थेंब पाणी घाला, हायग्रोमीटरसोबत झिपच्या पिशवीत बारा तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर पुढे प्रत्येक वेळी ४ मिळवायचे.

सगळीकडे सांगतात तो ७० टक्के आर्द्रता आणि २१ अंश तापमानाचा नियम आपल्याकडे चालत नाही, कारण एसी नसेल तेव्हा खोली २८ ते ३० अंशांवर असते. त्या उबेत ७० टक्के म्हणजे बुरशीला आमंत्रण. एरवी ६५ आणि पावसाळ्यात ६२ चं पाकीट ठेवा. साठ ग्रॅमचं एक साधारण पंचवीस सिगारना पुरतं. दुसरा धोका किड्याचा. २४-२५ अंशांच्या वर तंबाखूतली अंडी फुटतात, सिगारला टाचणीएवढी भोकं पडतात आणि तळाशी भुकटी साचते. हळद-मिरचीपुडीला लागतो तोच हा तपकिरी किडा, त्यामुळे पेटी मसाल्याच्या फळीजवळ नको. नवी सिगार आणली की दुहेरी झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा. एक दिवस फ्रिज, तीन दिवस फ्रीजर, पुन्हा एक दिवस फ्रिज. थेट फ्रीजरमधून बाहेर काढली तर वरचं पान तडकतं.

ऑगस्टपासून सगळा साठा रबरी कडेच्या, चार बाजूंनी खटके लागणाऱ्या साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात आहे. डबा बिनवासाचा हवा. आत सिगारच्या रिकाम्या खोक्यातल्या स्पॅनिश सीडरच्या दोन फळ्या. नाव सीडर असलं तरी हे महोगनीच्या कुळातलं लाकूड. देवदाराचा तुकडा टाकू नका, त्याचा उग्र वास सिगारला लागतो. डब्यात आकडा ६२-६३ वरून हलत नाही. आठवड्यातून एकदा झाकण उघडायचं, तेही एसी चालू असताना.

एक मत मात्र परत बदलावं लागलं. आता नोव्हेंबरात, बाहेरची हवा कोरडी झाल्यावर, पेटी ६५ व्यवस्थित धरते आणि लाकडाचा वास सिगारला छान लागतो. प्लॅस्टिकमध्ये ते होत नाही. म्हणून रोजच्या पाच-सहा सिगार पेटीत, बाकी डब्यात. मेअखेरीस पेटी रिकामी करायची.