सीएसएमटी की महापालिका? दगडातली प्रतीकं वाचायची तर सुरुवात कुठून करावी

मुंबईत अर्धा दिवस हाताशी आहे आणि सार्वजनिक इमारतींवरचे घुमट, पुतळे, नक्षी नेमकं काय सांगतात ते समजून घ्यायचंय, तर बोरीबंदरच्या चौकात जा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि महापालिका मुख्यालय तिथे रस्त्याच्या दोन बाजूंना उभे आहेत. दोन्हींचा वास्तुकार एकच, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. पण एक इमारत रेल्वे कंपनीने बांधली, दुसरी शहराच्या महापालिकेने. दोन्हींचा बोलण्याचा सूर त्यामुळेच इतका वेगळा आहे.

सीएसएमटीचं काम १८७८ मध्ये सुरू झालं आणि जवळपास दहा वर्षं चाललं. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ: सिंह ब्रिटनचा, वाघ भारताचा. मधल्या घुमटावर ‘प्रगती’ उभी आहे, एका हातात मशाल आणि दुसऱ्या हाताशी आऱ्यांचं चाक. अभियांत्रिकी, शेती आणि व्यापार यांनाही शिल्परूप दिलेलं आहे. रेल्वे आली म्हणजे भरभराट आली, हे कंपनीला ठसवायचं होतं आणि तिने ते जराही आडपडदा न ठेवता सांगितलं.

खरी मजा मात्र भिंतीजवळ गेल्यावर आहे. मोर, माकडं, पानं-फुलं आणि निरनिराळ्या पगड्या-पागोट्यांतले चेहरे. यातलं बरंचसं काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे, आणि मला तेच सगळ्यात जिवंत वाटतं. दर्शनी भागावरच्या चेहऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय आहेत, तेही आवर्जून शोधा. राणी व्हिक्टोरियाचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलवला गेला. १९९६ मध्ये स्थानकाला छत्रपतींचं नाव मिळालं, २०१७ मध्ये त्यात ‘महाराज’ जोडलं गेलं. दगड तेच राहिले, त्यांच्यावरचा हक्क बदलला. जागतिक वारसा म्हणून २००४ मध्ये नोंद झालेल्या या वास्तूत असा बदल डोळ्यांसमोर वाचता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

महापालिकेची इमारत इतकी बोलकी नाही. दोन रस्त्यांच्या बेचक्यातली निमुळती जागा, म्हणून सगळा जोर उंचीवर. मनोरा सुमारे २५५ फुटांचा. कमानी गॉथिक वळणाच्या, म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्यासारख्या टोकदार, पण घुमट इथल्या, इस्लामी वास्तुपरंपरेतले. दर्शनी भागाच्या माथ्यावर पंख पसरलेली स्त्री आहे: ती म्हणजे खुद्द मुंबई, ‘हिंदुस्थानातलं पहिलं शहर’. इथे गौरव राणीचा नाही, कंपनीचाही नाही, शहराचा आहे. पायाभरणी १८८४ मध्ये तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या हस्ते झाली. स्थानिक स्वराज्याचा १८८२ चा ठराव त्यांचाच, त्यामुळे त्या दगडाला वेगळं वजन आहे. १८९३ मध्ये इमारत पूर्ण झाली. आज समोर पुतळा आहे तो फिरोजशहा मेहता यांचा. मुंबईच्या नगरकारभाराला वळण लावणाऱ्या माणसाची जागा तीच.

मुलं बरोबर असतील किंवा प्रतीकं वाचायची ही पहिलीच वेळ असेल, तर डोळे झाकून सीएसएमटी. तिथे प्रत्येक खांब काहीतरी दाखवतो आणि लहान मुलालाही वाघ-सिंह ओळखता येतात. नागरिकशास्त्र शिकवत असाल, किंवा सत्ता राजाकडून नगराकडे कशी सरकते यात रस असेल, तर महापालिका निवडा. माझा स्वतःचा कल तिकडेच आहे, कारण परक्या राजवटीतही एका शहराने आपली मूर्ती घडवून माथ्यावर बसवली, ही गोष्ट मला सिंह-वाघापेक्षा मोठी वाटते.

सीएसएमटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे, म्हणून दुपार कलल्यावर जा. तेव्हा ऊन थेट कोरीवकामावर पडतं. महापालिकेत आत शिरायचं असेल तर हेरिटेज वॉक सुरू आहे का, ते आधी विचारून घ्या. तो नसेल तर बाहेरूनच पाहा, पण रस्ता ओलांडून. पायथ्याशी उभं राहिलं तर पंखवाली मुंबई नीट दिसतच नाही.