पुतणीचा इंग्लंडचा टॅक्स आणि दादाचे बेचाळीस हजार

कापसाच्या चुकाऱ्यातून दादाने बेचाळीस हजार रुपये एका माणसाला दिले. कशाचे, तर पुतणीचा इंग्लंडमधला इन्कम टॅक्स 'कायमचा माफ' करून देण्याचे. त्याचं ऑफिस जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. पुतणीच्या व्हिसाचं काम त्यानेच केलेलं, म्हणून घरात भरवसा. तक्रार चालू आहे, नाव लिहीत नाही. पण आमच्या दारव्हा-दिग्रसकडची पोरंही आता बाहेर शिकायला जातायत, म्हणून हे लिहितोय.

पुतणी लेस्टरला एमएस्सी करते आणि आठवड्याला १६ तास वेअरहाऊसमध्ये काम करते. तासाला १२.२१ पौंड, म्हणजे आठवड्याचे १९५ च्या आसपास. त्यातले ३९ पौंड टॅक्समध्येच जायचे. तिने हे घरी बोलता बोलता सांगितलं, आणि वहिनीने त्या माणसाला फोन लावला.

"काकाजी, स्टुडंटले माफीचा फॉर्म भरावा लागते. नाही तं व्हिसावर शेरा येते," तो दादाला म्हणाला. व्हिसाचं नाव काढलं की दादाचं डोकं चालत नाही. पोरीला पाठवायला कर्ज काढलंय. "पोरगी एकटी हाय तिकडं, काही लफडं झालं तं?" मला कळलं तोवर पैसे गेले होते.

मग व्हॉट्सॲपवर कागद आला. रंगीत, मुकुटाचा शिक्का, क्यूआर कोड. वर ठळक अक्षरात 'इन्कम टॅक्स डिपार्टमेंट, युनायटेड किंगडम'. खाली 'वर्ष १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६', आणि त्याखाली पुतणीचा पॅन नंबर! मी पतसंस्थेत हिशेब लिहितो, मला तारीखच खटकली. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिलला लागतं आणि ५ एप्रिलला संपतं. तिथल्या टॅक्स खात्याचं नाव एचएमआरसी. आणि आपल्या पॅनला तिकडे कोण विचारतो? गड्याने इथलाच कुठला तरी नमुना घेऊन वर मुकुट चिकटवला होता. क्यूआर स्कॅन केला तर त्याच्याच ऑफिसचा नकाशा उघडला.

एवढ्यावर तो थांबला नाही. 'कापलेल्या टॅक्सचा रिफंडही पाडून देतो' म्हणत त्याने पुतणीकडे तिच्या सरकारी टॅक्स खात्याचा आयडी, पासवर्ड आणि मोबाइलवर येणारा कोड मागितला. पोरगी हुशार निघाली, दिला नाही. युनिव्हर्सिटीच्या मदत कक्षात जाऊन पगाराची स्लिप दाखवली.

टॅक्स किती कापायचा हे मालकाला सांगणारा टॅक्स कोड स्लिपवर होता 'बीआर'. कामाला लागताना स्टार्टर चेकलिस्ट नावाचा फॉर्म देतात. त्यात 'माझी दुसरी नोकरीही आहे' या अर्थाच्या रकान्यावर खूण झाली होती. मग मालक पहिल्या पौंडापासून सरसकट २० टक्के कापतो. खरं तर वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर तिथे टॅक्सच नाही, आणि फार मोठी कमाई असणारे सोडले तर ती सवलत जवळपास सगळ्यांनाच आहे. माफीचा वेगळा फॉर्म असा नसतोच. तिने एचएमआरसीला कळवून कोड बदलून घेतला. पुढच्या स्लिपवर '१२५७एल', म्हणजे त्या १२,५७० च्या सवलतीचा कोड आला आणि जादा कापलेले पैसे पगारातच परत मिळाले. खर्च शून्य.

व्हिसाचं म्हणाल तर टॅक्स जास्त कापला गेला म्हणून त्याला काही होत नाही. धोका आहे तो कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम केल्याचा, आणि त्याबद्दल हा माणूस चकार शब्द बोलला नव्हता. उलट बाजूही सांगतो: १२,५७० च्या वर कमाई गेली तर वरच्या रकमेवरचा टॅक्स खराच असतो, तो कुठलाही एजंट माफ करू शकत नाही. नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे तिथल्या सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीची, कपात वेगळी, तिचा या रिफंडशी संबंध नाही. नोकरी सोडताना मिळणारा पी४५ आणि वर्षाअखेरचा पी६० हे पगार-टॅक्सचे कागद पोरांना जपून ठेवायला सांगा. जास्तीचा टॅक्स गेला असेल तर मागच्या चार करवर्षांपर्यंतचा परत मागता येतो, तोही फुकट.

आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवलं, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. तीस हजार यूपीआयने गेले होते, त्यांची नोंद आहे. बारा हजार रोख दिलेले, त्यांची पावती नाही. अर्ज गेल्यावर त्याने दहा हजार परत केले; उरलेल्या बत्तीस हजारांसाठी 'साहेब, सोयाबीन निघाल्यावर बघू' म्हणतो. त्याचं सोयाबीन कुठे आहे, देव जाणे.