युनायटेड की आर्सेनल? जर्सी घेण्याआधी मालक बघा

पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनल या इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या दोन्ही फुटबॉल क्लबांच्या लाल जर्सी शेजारी शेजारी टांगलेल्या असतात. किंमत तीच, घासाघीस तीच, आणि चार धुण्यांत छातीवरचा छाप उडणार याची खात्रीही तीच. माझ्या भाच्याला त्यातली एक घ्यायची आहे आणि कोणती घेऊ म्हणून त्याने मला विचारलं. त्याच्यासारखे कुंपणावर बसलेले आणखी बरेच असतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी मॅनेजर ॲलेक्स फर्ग्युसनच्या काळापासून युनायटेडवाला आहे, तेव्हा हा आढावा तटस्थ वगैरे नाही. हिशेब २०२४-२५ चा हंगाम संपेपर्यंतचा आहे.

कोणाचा स्ट्रायकर किती भारी, यावर मी बोलणार नाही. खेळाडू येतात आणि जातात. एकदा क्लब पकडला की पुढची कित्येक वर्षं आपली झोप ज्यांच्या हातात जाते ती माणसं मैदानात दिसतच नाहीत. मालक, आणि मालकांनी खुर्चीत बसवलेले साहेब.

पुणेकराला तरी हे समजावून सांगायला नको. २०१४ पासून बालेवाडीत इंडियन सुपर लीगमधली एफसी पुणे सिटी खेळायची. दर हंगामाला नवा कोच: कोलोम्बा, मग डेव्हिड प्लॅट, मग हबास, मग पोपोविच. पोपोविचने संघाला पहिल्यांदा उपांत्य फेरीत नेलं. बंगळुरूशी बालेवाडीत ०-०, परतीच्या लढतीत छेत्रीची हॅट्ट्रिक आणि १-३. पुढच्या हंगामात पोपोविचही नव्हता, आणि त्या एका हंगामात तिघांनी बाकावर बसून पाहिलं. २०१९ मध्ये क्लबच बंद पडला, लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली, आणि हैदराबादने तिसऱ्याच हंगामात विजेतेपद मारलं. त्याआधीचा पुणे एफसी तर २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता. तोही मालकांनी गुंडाळला. तेव्हा आपल्या गावात ‘कोच बदला’ म्हणून ओरडणाऱ्याला मी एवढंच विचारतो की बदलणारा कोण आहे ते पाहिलंस का?

मालक

इथे दोन्हीकडे अमेरिकन कुटुंबं आहेत आणि दोन्ही कुटुंबांचं पहिलं प्रेम अमेरिकन फुटबॉल.

युनायटेडचे ग्लेझर २००५ मध्ये आले. सुमारे ७९ कोटी पौंडांचा व्यवहार, आणि त्यातला मोठा भाग उसना. ते कर्ज त्यांनी कुठे ठेवलं? क्लबच्याच डोक्यावर. म्हणजे कोणी तरी आपली सोसायटी विकत घ्यावी, त्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता आपल्याच मेंटेनन्समधून भरावा आणि वर वार्षिक सभेत ‘लिफ्टला पैसे नाहीत’ असं सांगावं, तसा हा प्रकार. तोवर क्लबवर कर्ज नव्हतं. फर्ग्युसन होता तोपर्यंत जेतेपदं येत राहिली आणि कोणी फार खोलात गेलं नाही. २०१३ मध्ये तो निवृत्त झाला, त्याच वेळी मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेला, आणि फुटबॉल कळणारी दोन माणसं एका उन्हाळ्यात बाहेर पडली. त्यांच्या जागी आलेला एड वुडवर्ड मूळचा बँकर. प्रायोजक आणण्यात पटाईत.

आर्सेनलचे स्टॅन क्रोएंके संत आहेत असा गैरसमज नको. २०१६ मध्ये यांनीच आपला रॅम्स हा संघ सेंट लुईसमधून उचलून लॉस एंजेलिसला नेला. बालेवाडीच्या प्रेक्षकाने एका नजरेत ओळखावा असा गृहस्थ. (खुद्द आर्सेनलही १९१३ मध्ये वुलविच सोडून थेम्सपलीकडे उत्तर लंडनला आलं, ते त्यांचे चाहते सोयीने विसरतात.) २०२० च्या कोविडमध्ये या अब्जाधीशाच्या क्लबने ५५ नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. पुढे डायनासोरचा पोशाख घालून मुलांना हसवणाऱ्या माणसावरही गदा आली, तेव्हा त्याचा पगार मी देतो असं क्लबचा खेळाडू ओझिलला म्हणावं लागलं. एप्रिल २०२१ च्या सुपर लीगच्या, म्हणजे मोठ्या क्लबांनी आपली वेगळी स्पर्धा काढायच्या कटात तर दोघेही सामील होते.

थोडक्यात, मालकांच्या हेतूंवर निवड करायला गेलात तर दोन्ही जर्सी हँगरवरच राहतील. फरक पुढे आहे.

२०२१ चा उन्हाळा

कोणाला एकच गोष्ट सांगून पटवायचं असेल तर मी हीच सांगतो.

२०२०-२१ च्या हंगामात युनायटेड दुसरा आला होता आणि आर्सेनल आठवा. आर्सेनल त्याच्या आदल्या वर्षीही आठवाच होता. त्या हंगामातल्या डिसेंबरमध्ये तर ते पंधराव्या स्थानावर घसरले होते आणि मॅनेजर अर्टेटाला हाकला म्हणून त्यांचे चाहते घसा फोडत होते. संचालकांनी हाकललं नाही. उलट उन्हाळ्यात त्याच्या आणि तांत्रिक संचालक एडूच्या हाती पैसे दिले. घेतलं कोणाला? ओडेगार्ड, बेन व्हाइट, रॅम्सडेल, तोमियासू, लोकोंगा, तवारेस. सहाच्या सहा २३ किंवा त्याहून कमी वयाचे. सगळे यशस्वी झाले असं नाही, तवारेस आणि लोकोंगा लवकरच बाजूला पडले. पण यादी वाचूनच कळतं की कोणी तरी बसून विचार केला होता.

युनायटेडने त्याच उन्हाळ्यात सँचो, व्हरान आणि अगदी शेवटच्या आठवड्यात रोनाल्डो घेतला. वय ३६. आता खरं सांगायचं तर त्या दिवशी पुण्यातल्या आमच्या अख्ख्या गटाने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. ११ सप्टेंबरला रोनाल्डोने न्यूकॅसलला दोन गोल मारले, ४-१ जिंकलो, गुणतालिकेत पहिले. त्या सकाळी आर्सेनल तळाला होतं. तीन सामने, तीन पराभव, एकही गोल नाही.

मे महिन्यात हिशेब झाला तेव्हा आर्सेनल पाचवं आणि युनायटेड सहावा, तोही ११ गुण मागे. मधल्या काळात युनायटेडचा मॅनेजर सोल्स्कायर गेला, राल्फ रांग्निक हंगामी म्हणून आला. रोनाल्डोने लीगमध्ये १८ गोल केले, त्याचं काम त्याने केलं. प्रश्न असा की धावून दबाव टाकणारा संघ बांधायचा म्हणता म्हणता त्याला आणायचं कोणी ठरवलं? मॅनेजरने की जर्सी विकणाऱ्या विभागाने? सव्वा वर्षात तो मुलाखत देऊन, सगळ्यांचे वाभाडे काढून गेला.

आर्सेनलनेही घोडचुका केल्यात. २०१९ मध्ये ७ कोटी २० लाख पौंडांना घेतलेला पेपे शेवटी फुकट गेला. बत्तीस वर्षांच्या विलियनला तीन वर्षांचा करार दिला, तो वर्षभरात संपला. पण त्यांनी ती वाट सोडली. ओबामेयांगसारख्या कर्णधाराचं कर्णधारपद काढून घेतलं आणि दोन महिन्यांत त्याला मोकळं केलं, तेव्हा साहेब मॅनेजरच्या मागे उभे राहिले. युनायटेडने मात्र सँचोनंतरच्या वर्षी ८ कोटींहून अधिक पौंड मोजून अँटनी घेतला.

मॅनेजरला किती वेळ मिळतो

२०१३ पासून युनायटेडला कायमस्वरूपी म्हणून नेमलेले सहा: मोयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्स्कायर, टेन हाग, अमोरिम. मोयेसला सहा वर्षांचा करार देऊन दहा महिन्यांत घालवला. व्हॅन गालने २०१६ मध्ये एफए कप हा इंग्लंडचा बाद पद्धतीचा चषक जिंकला आणि दोन दिवसांत त्याच्या हाती नारळ. त्याच काळात आर्सेनलमध्ये वेंगर, एमरी, अर्टेटा.

नुसते आकडे पाहून ‘युनायटेड उतावळा, आर्सेनल संयमी’ असं म्हणता येईल, पण माझी तक्रार उतावळेपणाची नाही. चुकीच्या वेळी धीर धरायचा आणि चुकीच्या वेळी घाई करायची, अशी त्यांची खास हातोटी आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जिम रॅटक्लिफ यांनी सुमारे २८ टक्के हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हातात घेतला. मँचेस्टरच्याच परिसरातला माणूस, लहानपणापासूनचा चाहता, आता सगळं सुधारणार असं आम्हाला वाटलं. मे महिन्यात टेन हागने अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला हरवून एफए कप जिंकला. लीगमध्ये मात्र आठवा. काढायचा तर तेव्हाच काढायचा होता. यांनी इतर कोचांशी बोलून पाहिलं, कोणी ठरलं नाही, म्हणून त्याचाच करार वाढवला. मग त्याच्यासाठी डी लिग्ट, माझरावी, झर्कझी, उगार्ते घेतले. आणि ऑक्टोबरअखेर त्याला काढलं.

त्याच्या जागी अमोरिम. तीन बचावपटू ठेवून खेळणारा, आणि ती पद्धत सोडणार नाही हे आधीपासून स्पष्ट असलेला. म्हणजे एका पद्धतीसाठी बाजारहाट केली आणि स्वयंपाकी दुसऱ्या पद्धतीचा आणला. मोठ्या प्रयत्नाने न्यूकॅसलकडून सोडवून आणलेला क्रीडा संचालक डॅन ॲशवर्थ जुलैत रुजू झाला आणि डिसेंबरमध्ये गेला, पाच महिन्यांत. टेन हाग, त्याचे सहकारी आणि ॲशवर्थ यांना निरोप देण्याचा खर्च सुमारे १ कोटी ४५ लाख पौंड. त्याच साहेबांनी पैसे वाचवायचे म्हणून अडीचशे लोकांना घरी पाठवलं, पुढे आणखी दोनशेपर्यंत नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं आणि कर्मचाऱ्यांचं फुकट जेवण बंद केलं.

निकाल सगळ्यांना माहीत आहे. २०२४-२५ मध्ये ४२ गुण आणि पंधरावं स्थान. १९७४ मध्ये संघ खालच्या विभागात गेला होता, त्यानंतरची ही सर्वांत वाईट कामगिरी. युरोपा लीगच्या अंतिम सामन्यासाठी आपल्याकडे रात्री साडेबाराला जागत बसलो, तर टॉटनहॅमकडून ०-१. आणि घरच्या अकादमीतला मॅकटॉमिने, ज्याला विकून हिशेबवह्या नीट केल्या, तो नेपल्सला जाऊन इटलीचा विजेता आणि तिथल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

१२ मे २०२४

एकाच दिवसात दोन्ही क्लब दाखवायचे तर हा दिवस. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर आर्सेनलने युनायटेडला १-० हरवलं. सामन्यानंतर असा पाऊस आला की छताच्या कोपऱ्यातून खुर्च्यांवर धबधबा कोसळू लागला. मुठा खोऱ्यातला पाऊस पाहिलेल्या माणसालाही कौतुक वाटावं असा. वीस वर्षं व्याज फेडणाऱ्या क्लबचं ते छत.

त्याच दिवशी वेम्बलीला युनायटेडच्या महिला संघाने टॉटनहॅमला ४-० हरवून एफए कप उचलला. रॅटक्लिफ तिकडे गेले नाहीत. ते ओल्ड ट्रॅफर्डवर होते. त्या उन्हाळ्यात पुरुष संघाच्या इमारतीचं काम निघालं, तेव्हा महिलांची इमारत पुरुषांना दिली आणि महिलांची सोय तात्पुरत्या खोल्यांत केली. आर्सेनलने त्याच वर्षी एमिरेट्स हे महिला संघाचं मुख्य मैदान केलं, आणि मे २०२५ मध्ये त्या मुलींनी बार्सिलोनाला हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली.

पण कप?

इथे आर्सेनलवाले गप्प बसतात. अर्टेटाने २०२० चा एफए कप जिंकला, त्यानंतर पुरुष संघाच्या कपाटात एकही मोठा चषक नाही. तीन हंगाम सलग दुसरे. जानेवारी २०२५ मध्ये आघाडीला माणूस न घेताच खेळाडू खरेदीची खिडकी बंद होऊ दिली, मग हावर्ट्झ जायबंदी झाला आणि मधल्या फळीतल्या मेरिनोला पुढे खेळवायची पाळी आली. त्या गोंधळलेल्या टेन हागने तेवढ्याच काळात दोन कप आणले. चषक मोजून निवड करणाऱ्याने खुशाल युनायटेड घ्यावा.

तर मग

भाच्याला मी आर्सेनल सांगितलं. सांगताना दात दुखले, पण पोरगं सोळा वर्षांचं आहे, त्याला निदान अशा क्लबकडे बघू दे जिथे यंदाची खरेदी गेल्या वर्षीच्या खरेदीशी जुळते. पाठीवर नाव हवं असेल तर साका, घरच्या अकादमीतला आहे. पहिल्या दिवसापासून हातात कप हवा असणाऱ्याने दोन्ही सोडून दुसरीकडे बघावं. आणि हट्टाने युनायटेडच घ्यायची असेल, तर ती शहर म्हणून, इतिहास म्हणून घ्यावी. सध्याच्या साहेबांवर विसंबून नको.

जे आधीच युनायटेडवाले आहेत त्यांच्यापुढे निवड नाहीच, ते कुठे जाणार? फक्त बाणेर-औंधच्या पबमध्ये पहिला गोल खाल्ला की कोचचा उद्धार सुरू होतो, तिथे जरा मँचेस्टरच्या लोकांकडे बघा. त्यांनी २०१० मध्ये क्लबच्या मूळ हिरव्या-सोनेरी रंगाचे मफलर घातले ते ग्लेझरांविरुद्ध. २ मे २०२१ ला मैदानात घुसून लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलायला लावला तोही ग्लेझरांविरुद्धच. त्या दिवशी बाकावर सोल्स्कायर होता. त्याचं नाव कोणी घेतलं नाही.