नाशिकच्या गंगापूर रोडवरील हॉर्मोनतज्ज्ञांचे क्लिनिक : एका रुग्णाचा अभिप्राय

माझे वय 46 असून मी सातपूर एमआयडीसीतील एका कारखान्यात पाळ्यांमध्ये काम करतो. गेले वर्षभर माझी कामेच्छा जवळजवळ ओसरली होती. आपल्यातच काही कमी आहे, असे पत्नीला वाटू लागले आणि ते मला फार लागले. रात्रपाळी करून झोपलो, उठून जेवलो आणि तसाच एका लॅबमध्ये जाऊन तपासणी करून आलो. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुषी हॉर्मोन, 262 नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर निघाले आणि तेथील सल्लागाराने लगेच इंजेक्शनांचा कोर्स सुचवला. तो सुरू करण्यापूर्वी मी या क्लिनिकमध्ये गेलो, याचे मला आजही समाधान वाटते.

अहवाल हाती येताच डॉक्टरांनी पेनाचे टोक नमुना घेतल्याच्या वेळेवर टेकवले : दुपारी 3 वाजून 40 मिनिटे. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढते, सकाळी सर्वाधिक असते आणि दिवसभरात उतरते. जेवणानंतरही ते काही काळ घटते, म्हणून सकाळी उपाशीपोटी, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी मोजल्याशिवाय निदान करायचे नसते, असे त्यांनी सांगितले. पहिल्या पाळीच्या आठवड्यातील सुट्टीच्या दिवशी आणि नंतर पुन्हा एकदा, सकाळी आठच्या सुमारास नमुने दिले, तेव्हा आकडे 395 आणि 408 आले, म्हणजे पातळी पुरेशी होती. प्रोलॅक्टिन हे दुसरे हॉर्मोन वाढले किंवा थायरॉइड बिघडले तरी इच्छा मंदावते, म्हणून त्याही तपासण्या झाल्या. दोन्ही ठीक निघाल्या.

त्यानंतरचा अर्धा तास मला सर्वांत मोलाचा वाटला. टेस्टोस्टेरॉन फारच खाली गेले तर इच्छा मावळते आणि अशा पुरुषांना उपचाराने फरक पडतो. परंतु पातळी पुरेशी असताना आणखी हॉर्मोन दिल्याने इच्छा त्या प्रमाणात वाढत नाही, हे त्यांनी कागदावर आलेख काढून दाखवले. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यास मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश मंदावतो आणि शुक्राणूंची निर्मिती घटते, हे तर मला कोणीच सांगितले नव्हते. आमच्या कारखान्यातील नुकतीच लग्ने झालेली मुले जिममधून अशी इंजेक्शने घेतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी पत्नीला सोबत बसवून घेतले आणि मी घोरतो का, हा प्रश्न तिलाच विचारला. झोपेत माझा श्वास मध्येच अडकतो, हे तिने सांगितल्यावर झोपेची तपासणी, पोटाचा घेर कमी करणे आणि शक्य असल्यास काही महिने रात्रपाळी टाळणे, एवढाच सल्ला मिळाला; औषध दिले नाही. ‘तुमच्यामुळे काही झालेले नाही,’ हे डॉक्टरांनी तिला स्पष्ट शब्दांत सांगितले, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला.

ठरलेल्या वेळेनंतर दीड तास थांबावे लागते, ते मी सोसेन. पण स्वागतकक्षात सर्वांसमोर मोठ्याने ‘त्रास काय आहे?’ असे विचारले जाते, हे मात्र बदलायलाच हवे. माझ्यापुढे उभा असलेला एक तरुण त्या प्रश्नावर ‘थायरॉइड’ एवढेच पुटपुटला आणि नंबर न लावताच जिना उतरून गेला. तेथे एक कोरी चिठ्ठी पुढे केली, तरी पुरे.